उजवं कोपर

खैरनार हवालदार, देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त,
पहिल्या दिवशी रिव्हॉल्व्हरला हातच लावू देईनात.
माझ्या कमरेला लाकडाचा ठोकळा बांधला
आणि दोन्ही नातवंडांना म्हणाले, घ्या काढून.
पोरांनी सात वेळा काढून घेतला.
नेम काय, महिन्यात बसेल, म्हणाले,
आपलं आपल्यापाशी ठेवणं, बाई, त्याला जन्म जातो.

मग कोपर शिकलं.
काखेत थर्मामीटर धरलेल्या पोरासारखं
बरगडीला चिकटून राहिलं.
सराफ बाजारातून हॉलमार्कच्या सेंटरपर्यंत
डब्यात दुसऱ्यांचं सोनं,
भिंत नेहमी उजवीकडे.
रिक्षात आत, दांड्याच्या बाजूला.
पत्ता विचारणाऱ्याला डावा खांदा पुढे करून उत्तर.
मैत्रिणीला भेटायचं तेही अर्धंच.
चपलेचा अंगठा तुटला तर तुटू दे,
रस्त्यात वाकायचं नाही.

रागवायचं नाही, हे मात्र खैरनारांनी सांगितलं नव्हतं.
भांडी बाजारात एकाने स्कूटर अंगावर घातली,
वर आईवरून शिवी दिली,
आणि मी, जिच्या तोंडाला अख्खी गल्ली लागत नसे,
सॉरी दादा म्हणाले.
कमरेला तेवढं वजन असताना
भांडण परवडत नाही.
लोक म्हणतात, विसपुतेबाई निवळल्या.

रंगपंचमीला जायलाच नको होतं.
गिऱ्हाईक परगावचं, शेठ ऐकेनात.
रहाडीत धपाधप उड्या, कडेला चिखल रंगाचा,
आणि मागून कुणीतरी कमरेला धरलं.

शिकवलं होतं तसंच झालं सगळं.
वजन खाली, कोपर आत, कूस मागे,
त्याचं मनगट माझ्या मुठीत.
दहा-अकरा वर्षांचा असेल. घसरला होता, इतकंच.
काकू, सोडा ना.
सोड, मी बोटांना म्हटलं.
बोटांनी ऐकायला वेळ लावला.
त्याच्या केशरी हातावर
चार पांढरे पट्टे उठले
आणि हळूहळू लाल झाले.
तो पळाला, पुन्हा उडी मारली त्याने.
मी भिंतीला टेकून डबा मोजला,
जसा काही तो मोजता येतो.

आता निवडणूक आहे.
आचारसंहिता लागली, शस्त्रं जमा करा.
सरकारवाड्याच्या ठाण्यात हवालदाराने नंबर लिहून घेतला,
सहा गोळ्या मोजल्या, पावती दिली.
पावती पर्समध्ये. पर्स कुठल्याही खांद्यावर.

दहीपुलाच्या उतारावर अंगठा तुटला.
वाकले मी. भर गर्दीत, चक्क उकिडवी बसले,
लोक दोन्ही बाजूंनी गेले.
सेफ्टी पिन लावायला दोन हात लागतात.
डाव्यानेच लावत होते बराच वेळ.
शेजारच्या फुलवालीने विचारलं,
ताई, हात दुखावलाय का?