वळणावरचा गाळ

कान्हेरीच्या पाटीपासून लोक परत फिरतात.
आम्ही वर गेलो, कातळात खोदलेल्या पन्हळीच्या काठाने,
मी आणि माझे सासरे भिवाजी झारेकरी.
एकेचाळीस वर्षं त्यांनी झवेरी बाजारची गटारं
पहाटे चारला खरवडली,
गाळ धुतला, पारा चोळला,
राईएवढ्या पिवळ्यावर दोन मुली उजवल्या.

पन्हळ वीतभर रुंद. कुठे बोटभर खोल, कुठे कोपरभर.
दिवाळी उलटून गेलेली, तरी तळाशी ओल होती,
कुड्याची पानं, वानरांनी अर्धी खाऊन टाकलेली उंबरं.
टाक्यापर्यंत पाणी न्यायचं, एवढंच हिचं काम.

"उतार कोणी दिला हिला?" मामंजी वाकून म्हणाले.
"जास्त दिला असता तर धावलं असतं,
कमी दिला असता तर कुजलं असतं.
सांग तुझ्या मुन्शिपाल्टीला."
मी जलखात्यात मीटर वाचते.
ऐकून घेतलं.

झाडीत वानर खाकरलं. मी दचकून मागे पाहिलं.
मामंजी तोवर वळणापाशी उकिडवे बसले होते.
वळणावर पाणी आळसावतं,
जड असेल ते तिथेच बसतं:
हे त्यांनी माझ्या नवऱ्यालाही शिकवलं होतं.
तो मोबाइलची कव्हरं विकतो.

त्यांनी चिमूटभर गाळ तळहातावर घेतला,
बाटलीतलं पाणी ओतलं.
उजवा हात कापतो त्यांचा, बारा वर्षं झाली.
पाऱ्याने आपला हिस्सा घेतला, म्हणतात.
ताटातली आमटी सांडते, सही होत नाही.
पण इथे त्यांना हात हलवावा लागलाच नाही.
तो आपसूक पाखडत राहिला,
माती कडेने निसटली, काळी रेती मधे उरली.

दोनदा धुतलं. मग ओंजळ माझ्यापुढे धरली,
जणू मी पेढीवरचा शेठ.
काही नव्हतं.
"अंगावर काहीच नसणार ह्यांच्या," ते म्हणाले,
"भिक्षू ना."
आणि रेती जिथून उचलली होती
नेमकी तिथेच, त्याच वळणावर, ठेवली.

उतरताना ते पन्हळीतली पानं काठीने काढत राहिले.
शेवटची बस निघून जाईल, मी म्हटलं.
हो, म्हणाले,
आणि आणखी एक उंबर बाहेर काढलं.