पुठ्ठा

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा,
दिवे बंद करायचे, घरी जायचं.
कुनिएदांच्या गॅरेजात पहिल्या महिन्यात
मी एवढंच शिकले.

सकाळी ते पुठ्ठा दारापाशी न्यायचे,
कुरे बंदरावरून येणाऱ्या उजेडात तिरपा धरायचे.
हिरवट, गोडसर वास, म्हणजे कूलंट.
तांबूस आणि पातळ, ते स्टिअरिंगचं.
आणि हा, मधासारखा,
दोन बोटं जुळवली की सुटताना
किंचित का-कू करणारा,
हा इंजिनाचा.

गाडी दोन सीटची, लाल, छप्पर दुमडणारी,
माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी.
मालक इकुतो, बेकरीत पहाटे तीनला पीठ मळणारा,
तीन गॅरेजं फिरून आलेला.
तिन्हीकडे एकच निदान :
मागचं मेन सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा,
दोन लाख येन.
खर्चाचे तिन्ही कागद त्यानं बाकावर मांडले
पत्रिका जुळवायला आणल्यासारखे.

कुनिएदांनी ते वाचले नाहीत.
"थेंब पडतो कुठे ते सगळ्यांनी सांगितलं," म्हणाले,
"निघतो कुठून?"

तेल खाली उतरतं.
धावत्या गाडीत वारा त्याला मागं ढकलतो.
बोल्टच्या डोक्यावर क्षणभर टेकतं,
कडेकडेनं सरपटतं,
बेलहाऊसिंगच्या टोकाला येऊन लोंबतं
आणि तिथं सापडतं म्हणून
तिथलंच ठरतं.

दुपारभर मी इंजिन धुतलं.
ब्रश, रॉकेल, हवेची नळी, पुन्हा ब्रश.
काजळीखालून ॲल्युमिनियम निघालं,
कुणाच्या तरी बोटाचा जुना ठसाही निघाला.
आता पावडर फवारायची, तर डबा रिकामा.
इकुतो म्हणाला, "पीठ आणू?"
कुनिएदा इतके हसले की त्यांना बसावं लागलं.
"गरम तेल आणि पीठ! परत येईपर्यंत भजी तयार."
शेवटी शेजारच्या न्हाव्यानं टाल्कचा डबा दिला,
दाढीचा वास असलेला.

ओंदोच्या पुलाकडे रस्ता वेटोळं घेत चढतो.
तिथं दोन फेऱ्या, काटा मध्यावर येईपर्यंत.
इकुतो शेजारी बसून
बॉनेटमधून आत बघता येईल असं बघत होता.

परत आलो. सगळं पांढरं.
कुनिएदांनी लांब दांड्याचा आरसा आत घातला,
निवृत्त दंतवैद्याकडून विकत घेतलेला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग आरसा माझ्या हातात दिला.

हेडच्या पाठीमागं, फायरवॉलशी दाटून बसलेला
कॅमचा सेन्सर.
त्याच्या गळ्याखालून एक ओली रेघ,
भांगाएवढी बारीक.

बोल्ट एकच, बारा मिलिमीटरचा.
तो दिसत नाही, फक्त हाताला लागतो.
त्यांचा हात जाईना, माझा गेला,
कोपर सोलून.
त्याआधी सेन्सर होता त्या जागी
पांढऱ्या रंगाची खूण,
नाहीतर इंजिन वेळ विसरतं.

आतली रिंग एकेकाळी रबराची होती.
आता एका बाजूनं चपटी, कडक,
चिमटीत धरली तशी मोडली.
नवी रिंग इकुतोच्या दुकानातल्या
बीन भरलेल्या पावाहून स्वस्त.
तेलात बुडवली, बोटानं गोल फिरवून बसवली.

इकुतोनं मोडके तुकडे तळहातावर घेतले.
"मग त्या तिघांनी…?"
"त्यांनी खालून पाहिलं," कुनिएदा म्हणाले.
"खालून तेच दिसतं."

रात्री पुन्हा पुठ्ठा.
सकाळी उजेडात तिरपा धरला, उलटा धरला. कोरडा.
त्यांनी त्यावर तारीख घातली
आणि भिंतीशी रचलेल्या पुठ्ठ्यांत लावून टाकला.

पलीकडे त्यांचा स्वतःचा छोटा ट्रक उभा,
खाली डबकं, मी यायच्या आधीपासूनचं.
"आणि ह्याचं?"
"ह्याचं कुठून येतं ते मला माहीत आहे,"
म्हणाले,
आणि त्यावर मूठभर भुसा टाकला.