कांडेचोर

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
आंबेमोहोर शिजल्याचा वास आला.
उठून पाहिलं. गॅस बंद, शेगडी गार.
आमच्या घरात तांदूळ नाहीच;
यांच्या साखरेपायी तीन वर्षं
नाचणी आणि वर नाचणी.

चौथ्या मजल्यावरच्या गद्रे म्हणाल्या, आत्मा असेल कुणाचा.
पोखरण रोडची ही जागा आधी कारखान्याची,
म्हणजे भुकेलाच असणार, असं त्यांचं गणित.

मग फॉल्स सीलिंगवर पावलं वाजायला लागली.
हलकी, बिनघाईची,
जणू कुणी मोजे घालून फ्लॅट बघायला आलंय
आणि भाडं परवडेल का, याचा हिशोब करतंय.

येऊरहून किसन वरठा आला. शिडी चढला,
फटीत टॉर्च मारली, हुंगलं
आणि हसला.
"कांडेचोर हाय. भूतबीत काय नाय.
शेपटीखाली गाठ असते, तिचा वास."
एसीच्या ट्रेमधून त्यानं उचललं
बियांचं एक ढेकूळ:
चिकू, भेर्ली माड,
तिसरीचं नाव त्यालाही येईना.
"माझा बा ताडी काढायचा.
मडक्यात तोंड घालून निम्मी हाच संपवायचा.
बा शिव्या द्यायचा,
पन एक मडकं जास्तीचं बांधायचा."

मीटिंगमध्ये ठराव झाला: पिंजरा लावावा.
हात वर करणाऱ्यांत मीही होते.
खोटं कशाला बोलू, वायरींची भीती वाटली.

पिंजरा लागला गच्चीच्या जिन्यात.
आत वेलची केळं, सुतळीनं टांगलेलं.

त्या रात्री पुन्हा दोन दहा.
वास असा, की वर तूपच सोडायचं बाकी.
हे घोरत होते.
मी अनवाणी वर गेले,
पिंजऱ्यात कोपरापर्यंत हात घातला.
झडप दंडावर आपटली, कळ डोक्यात गेली,
पण केळं सुटलं.
तिथेच पायरीवर बसून खाल्लं,
अख्खं.

पाण्याच्या पाइपावर दोन डोळे पेटलेले.
ते हलले नाहीत. मीही नाही.
साल कुठे टाकावी कळेना,
सकाळी सेक्रेटरी नाखरे चौकशी लावतील,
म्हणून मुठीत धरून बसून राहिले,
आणि तो, शेपूट पाइपाखाली लोंबती सोडून,
नाक पुढे करून
माझा वास घेत राहिला.