नक्की सांगता येत नाही

निघायचं सहाला ठरलं होतं, निघालो पावणेसातला.
एकाला कॉफी हवी होती, एकीची टोपी सापडेना.
असू दे. पक्षी घड्याळ बघत नाहीत,
भरती बघतात.

वॉल्विस बेची खाडी आज दिसत नाही.
रात्री समुद्राने धुकं आत ढकललं
आणि दार ओढून घेतलं.
दिव्याचे खांब तेवढे उभे, प्रत्येकावर एक कुरव,
तोही अर्धाच.

"रोहित कुठेयत?"
पहिला प्रश्न नेहमी हाच. पत्रकावर छापलेत ना,
गुलाबी, हजारोंनी.
समोरच आहेत, मी म्हणते. ऐका.
मग सगळे गप्प होतात, आणि पांढऱ्याच्या पोटातून
कुजबुज येते,
चर्चमध्ये पाद्रीबाबांना उशीर झाला की होते तशी.

ओहोटीच्या चिखलात मी त्यांना वर्तुळं दाखवते.
एका जागी पाय आपटत, गोल फिरत,
चोच उलटी बुडवून जेवतात ते.
वर्तुळं कंपासने काढल्यासारखी.
पाहुणे फोटो घेतात
जेवून उठलेल्यांच्या ताटांचे.

मीही उभी होते एका जागी, अकरा वर्षं,
मासळीच्या कारखान्यात, रबरी बुटांत,
हेकचे काटे काढत.
खिडकी उंच, हातभर रुंद.
तिच्यातून जे उडत जाई त्याला मी नाव द्यायची:
कात्री. उधारीवाला. मामाची छत्री.
पुढे खरी नावं पाठ केली, परीक्षा दिली,
दुर्बीण हप्त्यांनी घेतली.
पण पंख पसरून बसलेला पाणकावळा
अजून मला मामाची छत्रीच वाटतो,
वाळत घातलेली.

मिठागरांपाशी कुणीतरी विचारतं, बर्फ?
मीठ. चाखून बघा.
(एकजण तरी चाखतंच.)
आणि हा टिलवा, तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्याहून हलका,
सायबेरियाच्या उत्तरेकडून आलाय.
काल तुम्ही सांगत होता,
अकरा तासांच्या विमानात पाय सुजले.
हसतात. टिलव्याकडे बघत नाहीत फारसं.
करडा आहे. करड्याला कोण विचारतं.

ब्रनोहून आलेले वोंद्राचेक मात्र मागे राहतात.
ट्राम चालवायचे, आता निवृत्त.
त्यांच्या खिशात घडी घातलेली यादी आहे,
अक्षर बाईचं, गोल, शाई फिकटलेली.
प्रत्येक नावापुढे खूण. शेवटच्यापुढे नाही:
दामारा सुरय.
ते सांगत नाहीत कुणाची यादी. मी विचारत नाही.
सहकाऱ्याच्या डब्यात काय आहे
हे काही आम्ही कारखान्यातही विचारत नसू.

पावणेदहाला धुकं जरा पातळ झालं,
दुधात कुणी पाणी घालावं तसं,
आणि एक सुरय गेला.
लहान. पांढरा. डोकं काळं, बहुतेक.
चोच?
चोच काळी हवी, किंचित बाकदार.
पुस्तकाला हे सांगायला एक ओळ लागते,
पक्ष्याला जायला तेवढीही नाही.

"तोच?"
त्यांची पेन्सिल बाहेर आली होती.
हो म्हणायला काय जात होतं माझं?
बक्षिसी वाढली असती, त्यांचं तिकीट वसूल झालं असतं,
आणि त्या गोल अक्षरातला शेवटचा शब्द
मोकळा झाला असता.
पण बोटं आठवण ठेवतात.
काटा निघाला असं डोळ्यांना वाटलं, तरी
मांसावरून एकदा बोट फिरवायचं,
कुणाच्या तरी घशात जाणार असतो तो.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणाले.

ते काही बोलले नाहीत.
पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर घासून बघितलं,
आणि मला वाटलं, पण हेही नक्की सांगता येत नाही,
त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं.

तेवढ्यात धुकं एकदम उचललं.
रोहित दिसले, सगळेच्या सगळे,
पाण्यात उभे आणि पाण्यात उलटे.
कोण आनंदाने ओरडलं, कुणाचं झाकण चिखलात पडलं,
गाडीभर कॅमेरे तिकडे वळले.
आम्ही दोघं उलटीकडे बघत होतो
जिथे काहीच नव्हतं.

"उद्या किती वाजता?" त्यांनी विचारलं.
सहाला, मी म्हणाले. कॉफी पिऊन या.