समासात

"यादृच्छिक म्हणजे काय गो?" मी विचारलं.
नसीमा पारकरने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.
"मावशी, कोणीच निवडायचं नाही. संगणक ठरवणार,
नेहमीच्या औषधाबरोबर नवी गोळी,
की तशीच दिसणारी, नुसती.
मलासुद्धा कळणार नाही."

मग सरळ कौल म्हण की.

सातेरीच्या देवळात गुरव कळ्या भिजवून लावतो,
उजवी पडली तर हो.
माझी तर उजवी बाजूच गेली, शिमग्याआधी.
ती हसली नाही. मी हसले.

सतरा पानं घरी आणली,
भाकरी थापून झाल्यावर वाचली, दोन रात्री.
'आपणास वैयक्तिक लाभ होईलच असे नाही.'
या ओळीवर थांबले.
इतक्या महिन्यांत इतकं खरं
कोणी बोललं नव्हतं.

अंगठा मागू नका,
काजूच्या तेलाने ठसे कधीच खाल्ले.
सही केली: हेमलता विश्राम कुबल.
लगेच झाले शून्य चार सतरा.

लेक म्हणते, तुला नाही तर उपयोग कोणाला मग?
मी तिच्या पोलक्याचा निसटलेला हूक
लावते.

वेंगुर्ल्याचा वारा खिडकी आपटतो.
वही उघडते.
मळमळ: थोडी.
झोप: तीन तास.
हाताची सूज: आहे.
फॅक्टरीसाठी रकाना नाही,
म्हणून समासात, बारीक अक्षरात:
आज सव्वा किलो गर.
उजव्या हाताने.