कस

गिरणेच्या अलीकडे, जळगावच्या सराफ बाजारात
माझे वडील, दगाजी विसपुते, अडतीस वर्षं
दुसऱ्यांचं सोनं काळ्या दगडावर घासत आले.
एक रेघ, वर आम्लाचा थेंब.
मग ते डोळे बारीक करायचे
आणि गिऱ्हाईक श्वास धरायचं.

गिरणेच्या पलीकडे, टेकडीवर
मी निकेलची चकती पोलादी पोकळीत टांगून बसले आहे.
वैशाख. बाहेर शेहेचाळीस.
गार करायच्या नळालाच ऊन पाणी.
आत हवा जवळजवळ नाहीच;
जी आहे ती दोन-तीन तासांत चकतीवर बसते,
एक अणू जाड,
आणि सगळं झाकून टाकते.

आर्गॉनचे अठरातले सतरा इलेक्ट्रॉन हिसकावून
मी त्याला चकतीकडे सोडते.
असला उपाशी पाहुणा उंबऱ्यावर थांबत नाही.
टेकण्याआधी, लांबूनच, ताटातलं ओढतो,
वरचे मजले भरून घेतो, तळघर रिकामंच.
मग एकेक खाली कोसळतो
आणि कोसळताना क्ष-किरणाची ठिणगी.

निकेलच्या अगदी वरच्या थरातले
एकाच दिशेला तोंड करून उभे असतील
तर तसेच ते आर्गॉनमध्ये उतरतात,
आणि एका बाकावर एका तोंडाचे दोघे बसत नाहीत.
अडतात. ठिणगी किंचित सरकते.
किंचित म्हणजे
बावीसच्या आणि एकवीसच्या रेघेत जेवढा फरक, तेवढी.

एकदा वडील आले होते. काचेतून वाकून पाहिलं.
"काय दखास व त्यामा?"
म्हटलं, चुंबक. पोटातलं नाही, नुसत्या कातडीचं.
"कातडी त कोनीबी दखाडस," ते म्हणाले,
आणि तरी बराच वेळ वाकलेलेच राहिले.

काल रात्री पावणेतीनला ठिणगी सरकली.
चकती साडेतीनशेच्या पुढे तापवली, जागेवर परत आली.
निवू दिली, पुन्हा सरकली.
तिसऱ्यांदा तापवून निवत होती तेव्हा वीज गेली.
पंपांचा सूर उतरत उतरत थांबला.
अंधारात काही ऐकू येत नव्हतं
पण मला माहीत होतं, थर बसतोय.

वडील रोज दुकान बंद करताना
दगडावरच्या रेघा मेणाने टिपून घ्यायचे.
दिवाळीआधी ते मेण जाळलं की
मुगाएवढा मणी निघायचा,
अख्ख्या बाजाराच्या खऱ्याखोट्याचा मिळून एक.

माझ्या वहीत दोन टिंबं आहेत.
तिसऱ्याची जागा पेन्सिलने आखून ठेवली आहे.