काळा किती काळा

मारेगावात बस स्टँडच्या मागं माझी कॅसेट लायब्ररी होती.
आता तिथं मोबाईलची काच बदलून मिळते.
रजिस्टर मात्र ठेवलंय मी, लाल पाठीचं, लांब.
डावीकडं गिऱ्हाइकाचं नाव, उजवीकडं माझा शेरा:
‘मारामारी भरपूर. प्रिंट पाणचट.’
‘शेवटची दहा मिनिटं नाहीत. विचारू नये.’
‘हिरो चांगला, पण हिरवा.’
लोक सिनेमाचं नाव नाही, शेरा वाचून कॅसेट न्यायचे.

परवा पुतण्या विपुल नागपूरहून डिस्क घेऊन आला.
तीनशे कोटींचा सिनेमा, म्हणे.
एवढी शून्यं मी फक्त वणीच्या वजनकाट्यावर पाहिली,
कोळशाचा ट्रक उभा असताना.

मी आधी गोष्ट बघत नाही. आधी रात्र बघतो.
रात्रीचा सीन आला की माल कळतो.
वाईट प्रिंटमधली रात्र चुलीतल्या राखेसारखी,
नाहीतर चौकोन चौकोन, उसवलेल्या गोधडीगत,
जाकीट कुठं संपलं, गल्ली कुठं सुरू झाली, पत्ता नाही.
ही रात्र नुकत्याच वखरलेल्या वावरासारखी:
काळ्यात काळं,
तरी ढेकूळ न् ढेकूळ वेगळं.
मी म्हटलं, नऊ. दहापैकी नऊ.
विपुल म्हणाला, काका, अजून नावंच चाललीत.

पहिली गोळी सुटली
तेव्हा फळीवरच्या गंजाचं झाकण दोन बोटं सरकलं.
आवाजालाही नऊ दिले.

एवढ्यात दारात श्रावण टेकाम, चपला हातात.
गिट्टी खदानीत एकतीस वर्षं वात पेटवली त्यानं.
डाव्या हाताला तीन बोटं.
पडद्यावर पूल उडाला.
विपुल सोफ्यावर उभाच राहिला.
टेकाम म्हणाला, ‘शिट्टी कोनं वाजवली?’
‘कोनती शिट्टी?’
‘उडवाच्या आंधी तीन शिट्ट्या रायतेत. लाल झेंडी रायते.
मानसं हटवा लागते, बाप्पा.’
‘टेकामभाऊ, सिनेमा हाय.’
‘हाय ना. पन मंग आवाज उजेडासंगच काहून आला?
पूल तं नदीच्या त्या आंगाले हाय.
आंधी दिसते, मंग धूळ उठते, मंग छातीत लागते.
मधात इतका वेळ असते
का मानूस बायकोचं नाव घेऊ शकते.’

कुणी काही बोललं नाही.
पडद्यावर हिरो चालत येत होता, मागं आग,
कपाळावर पावडरीला गेलेली बारीक चीर
मला आता सारखी दिसत होती.

मग टेकामनंच तो दाखवला.
‘हा मेला होता ना मघाशी?’
पिवळ्या शर्टातला माणूस, हातात कोंबड्यांचा पिंजरा,
पुलावर मेला होता. आता बाजारात पळत होता.
मागं घेतलं. थांबवलं.
कॅसेटच्या काळात तो एक पिवळा डाग असता,
दोन पांढऱ्या रेघांच्या मधला,
आणि मी दहाची नोट स्पिरिटमध्ये बुडवून
हेड पुसत बसलो असतो.
इथं त्याच्या एका पायात चप्पल नव्हती.
टाचेला भेग. भेगेत माती.
कोंबडीनं मान बाहेर काढून कॅमेऱ्याकडं पाहिलं होतं.
टेकाम टीव्हीजवळ जाऊन उकिडवा बसला.
‘दोनदा मेला. रोजी दोनची भेटली असन का?’

विपुलला शेवटची फाइट बघायची होती, बघितली त्यानं.
मी बघत होतो, पण मोजायचं सोडलं होतं.

रात्री रजिस्टर काढलं.
गोष्ट: चार. फाइट: लांबली, खूप माणसं, कुणालाच लागत नाही.
चित्र: नऊ, कायम.
आवाज: नऊ खोडून सात. कारण: टेकाम.
त्याखाली, आजवर कधी लिहिलं नव्हतं असं:
पिवळा शर्ट बघण्यासाठी तरी न्यावी.

निघताना टेकाम म्हणाला,
‘उद्या तेवढाच सीन लावसान का? पोरीले दाखवतो.’
डिस्क सकाळच्या एसटीनं परत जायची होती.
मी डाव्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं,
आणि सवयीनं बोललो,
सातच्या आत या. उशीर झाला तर पाच रुपये.